आई-बाबा जपानला येतायत? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

मी पुण्याची, ओकायामाला एक्सचेंजवर आलेय. मार्चअखेर आई-बाबा १२ दिवस येऊन गेले आणि तेव्हापासून ज्युनिअर्सचे सारखे मेसेज येतायत, व्हिसाचं काय केलंस, पास कुठला काढला, आईने खाल्लं काय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. आमच्याकडे दोघंही साठीच्या आसपास, आई पूर्ण शाकाहारी, बाबांचा एक गुडघा दुखणारा, आणि दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. तुमच्या घरची परिस्थिती वेगळी असेल तर तेवढं वजा करून वाचा.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की ते जपान बघायला येतायत की तुम्ही इथे कसे राहता ते बघायला येतायत. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये टोकियो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा सगळं होतं आणि ओकायामाला जेमतेम एक दिवस. बाबांना फोनवर वाचून दाखवला तर ते म्हणाले, "छान आहे गं, पण तू भाजी कुठून आणतेस ते कधी बघायचं?" त्या रात्री मी सगळा प्लॅन पुसला आणि ओकायामा मधे धरून नव्याने मांडला. टोकियो गेलं. एकालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

पायरी १: तारखा

इथल्या बहुतेक युनिव्हर्सिटींमध्ये एप्रिल ते जुलै-ऑगस्टची सुरुवात एक सेमिस्टर आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीची सुरुवात दुसरं. म्हणजे तुम्ही मोकळे असता फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. ऑगस्ट नको, उकाडा भयंकर असतो आणि मधे ओबोनची, म्हणजे पूर्वजांच्या सणाची, गर्दी. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत बोलवायचा मोह होतो, पण २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक, अख्खा जपान फिरायला बाहेर पडलेला असतो आणि हॉटेलचे रेट बघवत नाहीत. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस. मला मार्चचा शेवटचा आठवडा बरा वाटला, साकुरा, म्हणजे चेरी, फुलायला लागतो, क्लासेस सुरू व्हायचे असतात, थंडी स्वेटरवर भागते. फक्त हॉटेल तीन-चार महिने आधी बुक करा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडाही सुंदर, लाल मेपल्स असतात, पण तेव्हा तुमचे लेक्चर्स चालू असणार आणि अटेंडन्स बुडवून फिरू नका, एक्सचेंजवर ते महागात पडतं.

पायरी २: व्हिसा

दोन वाटा आहेत. तुम्ही बोलावताय असं दाखवायचं असेल तर तुमच्याकडून निमंत्रण पत्र, वॉर्ड किंवा सिटी ऑफिसातून मिळणारा राहण्याचा दाखला म्हणजे जूमिन्ह्यो, आणि युनिव्हर्सिटीचं झाइगाकु शोमेइशो, म्हणजे बोनाफाइड, असे कागद लागतात. आई-बाबा स्वतःच्या पैशाने फिरायलाच येत असतील तर साधा टुरिस्ट व्हिसा सोपा पडतो, आम्ही तोच केला. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, दिवसवार कार्यक्रम, हॉटेल बुकिंग. १ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी सिंगल एंट्री ई-व्हिसाही मिळतो, अर्ज व्हीएफएस, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणारी एजन्सी, तिच्यामार्फतच करायचा. कागदांची यादी अर्जाच्या आदल्या आठवड्यात व्हीएफएसच्या साइटवरून नव्याने उतरवा, जुन्या पीडीएफवर विसंबू नका. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी.

व्हिसा आला की व्हिजिट जपान वेब या इमिग्रेशन-कस्टम्सच्या सरकारी साइटवर दोघांची माहिती तुम्हीच भरा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बाबांकडे प्रिंटही दिली होती, एअरपोर्टचं वायफाय लागेना तेव्हा तीच कामाला आली.

विमान कुठे उतरतंय ते बघा. मुलगा-मुलगी ओसाका, ओकायामा, हिरोशिमा या बाजूला असेल तर टोकियोचं तिकीट कशाला, कान्साई एअरपोर्टचं घ्या. आणि आणायला स्वतः जा. पहिल्यांदा परदेशात आलेल्या माणसाला "या ट्रेनमध्ये बसा, तिथे उतरा" असं मेसेजवर सांगणं मला तरी पटत नाही.

पायरी ३: पास, म्हणजे सगळ्यात जास्त गोंधळ

हे नीट वाचा. जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास तुम्हाला, स्टुडंट व्हिसावाल्याला, मिळत नाही. तो फक्त पासपोर्टवर तान्कि ताइज़ाइ, म्हणजे थोड्या दिवसांचा पाहुणा, असा शिक्का असलेल्यांना. म्हणजे आई-बाबांना मिळेल, तुम्हाला नाही, आणि तिघांचा हिशोब करताना तुमचं तिकीट पूर्ण दराने धरायचं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तीन पास ऑनलाइन घेतले आणि तिसऱ्याचे पैसे परत मिळवताना नाकी नऊ आले.

दुसरं, अख्ख्या देशाचा ७ दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. पूर्वी लोक डोळे झाकून घ्यायचे, आता बऱ्याच जणांना तो वसूलच होत नाही. टोकियो ते ओकायामा एका बाजूचं शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण १७-१८ हजार येन, म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पासाची किंमत निघत नाही. त्यापेक्षा भागाभागाचे पास बघा. आमच्यासाठी कान्साई-हिरोशिमा एरिया पास चपखल बसला, सलग ५ दिवस, १७,००० येन. शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकानसेन त्यात आहे, त्यातली सगळ्यात वेगवान नोझोमीसुद्धा, शिवाय हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआर फेरी आणि कान्साई एअरपोर्टची हारुका ट्रेन. नुसतं ओकायामाहून हिरोशिमाला जाऊन-येऊन बाराएक हजार होतात, त्यामुळे क्योतोची एक चक्कर जोडली की पास वसूल. एक खोच आहे: शिन-ओसाका ते क्योतो हा शिनकानसेनचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा, तो या पासात येत नाही. शिन-ओसाकाला उतरून साध्या शिनकाइसोकु ट्रेनने अर्ध्या तासात क्योतो गाठा. दर बदलत राहतात, घ्यायच्या आधी एकदा बघाच.

पास सलग दिवसांचा असतो म्हणून पहिल्या दिवशी चालू करायची घाई नको. आम्ही पहिले तीन दिवस ओकायामातच राहिलो, मग पास चालू केला, पाच दिवसांत लांबचं सगळं उरकलं, आणि शेवटचे दिवस परत आपल्या गावात.

तुमच्या स्वतःच्या तिकिटासाठी गाकुवारी, म्हणजे विद्यार्थी सवलत, विचारा. १०० किलोमीटरच्या वरच्या जेआर प्रवासावर मूळ भाड्यात २० टक्के सूट, शिनकानसेनच्या जादा भाड्यावर नाही. त्याचं सर्टिफिकेट युनिव्हर्सिटी देते, काही ठिकाणी एक्सचेंजवाल्यांना देतात, काही ठिकाणी नाही, ऑफिसात जाऊन विचारायला दोन मिनिटं लागतात.

रोजच्यासाठी दोघांना दोन इकोका, म्हणजे पैसे भरून वापरायची, कार्ड घेऊन दिली. टोकियोकडची सुइका म्हणतात तसलंच, ५०० येन डिपॉझिट. ट्रेन, ट्राम, बस, कोनबिनी (सेव्हन-इलेव्हनसारखी छोटी दुकानं) सगळीकडे चालतं. यामुळे झालं काय की बाबा दुसऱ्या दिवसापासून एकटे ट्रामने जाऊन यायला लागले, आणि त्यांचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं.

पायरी ४: बॅगेत काय

औषधं आधी. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याच्या डोसपर्यंत आणता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी ऑनलाइन परवानगी, युन्यू काकुनिनशो, काढावी लागते. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत मोकळ्या करून नको, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या ज्यात औषधाचं मूळ नाव असेल. सर्दीच्या गोळ्या जरा तपासून, स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर इथे बंदी आहे.

खाऊ. चिवडा, चकली, लाडू, भाजणी, मेतकूट, मसाले चालतात. ताजी फळं-भाज्या प्लांट क्वारंटाइनचं सर्टिफिकेट असल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी नको, हे आईला तीनदा सांगावं लागलं. मांसाचं काहीही नको, सुक्या मटणापासून चिकन घातलेल्या सूपच्या पाकिटापर्यंत.

इथली वीज १०० व्होल्ट, प्लगला दोन चपट्या पिना. अडॅप्टर हवाच. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, आपला मिक्सर किंवा छोटा हीटर आणून उपयोग नाही. आणि बूट असे की पटकन घालता-काढता येतील, कारण मंदिरात, काही हॉटेलांत, जुन्या घरांत सारखे काढावे लागतात. नवे बूट अजिबात नको, घरी महिनाभर वापरलेले आणा.

पायरी ५: राहायचं

डॉर्ममध्ये ठेवता येईल असं धरून चालू नका, बहुतेक ठिकाणी रात्रीचे पाहुणे चालत नाहीत. मी स्टेशनपासून पाच मिनिटांवरचं साधं बिझनेस हॉटेल घेतलं. खोल्या लहान असतात, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा नाही, म्हणून डबल न घेता ट्विन घ्या आणि खोलीचं क्षेत्रफळ वाचा, १५ चौरस मीटरच्या खाली गेलात तर पंचाईत. किटली असते, चहाची सोय झाली. आणि कमोडला पाण्याची सोय असते, बटण दाबलं की झालं, यावर आईने मावशीला सविस्तर फोन केला.

र्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी हॉटेलात, एक रात्र ठेवा असं सगळे सांगतात, ठेवा, पण गुडघे दुखत असतील तर जमिनीवरचा फुतोन, म्हणजे गादी, सकाळी उठताना त्रास देतो, पलंग असलेली खोली मागा. ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात, कपडे न घालता उतरायचं असतं हे आधीच सांगा, तिथे दारात नको.

मोठ्या बॅगा ट्रेनमधून ओढत नेऊ नका. ताक्क्यूबिन म्हणून सेवा आहे, हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते, एका बॅगेला दोन-तीन हजार येन. आम्ही क्योतोला फक्त सॅक घेऊन गेलो, मोठ्या बॅगा ओकायामातच ठेवल्या, तेही फुकट.

पायरी ६: पहिले दोन दिवस काहीच नको

भारतापेक्षा जपान साडेतीन तास पुढे. ऐकायला कमी वाटतं, पण सकाळी सातला उठवलंत तर त्यांच्यासाठी ते पहाटेचे साडेतीन असतात. पहिल्या दिवशी मी दोघांना फक्त माझं सुपरमार्केट, माझी लायब्ररी, लाँड्री आणि मी सायकल लावते ती जागा दाखवली. आई भाजीच्या काउंटरपाशी अर्धा तास होती. तीन वांग्यांचं पाकीट, चार भेंड्यांची जाळी, प्रत्येकाचा रुपयात हिशोब. तो दिवस दोघं अजून सांगतात.

याच दिवशी रीतीभाती सांगून टाका: ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, व्हिडिओ कॉल तर नाहीच, कचरा बॅगेत ठेवून हॉटेलात आणायचा, टीप द्यायची नाही, पैसे हातात न देता ट्रेमध्ये ठेवायचे. रोख लागतेच, छोट्या देवळांत आणि जुन्या दुकानांत कार्ड चालत नाही. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घेतले असतील तर सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून पैसे निघतात.

पायरी ७: खाणं

शाकाहारी आई असेल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण दाशीची. दाशी म्हणजे माशाचा अर्क, कात्सुओबुशि या सुकवलेल्या माशाचा, आणि तो मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्श्यात, सोबा नूडल्सच्या चटणीत, अंड्याच्या वळकटीत, उकडलेल्या भाज्यांतसुद्धा असतो. वेटर प्रामाणिकपणे "भाजीच आहे" म्हणतो कारण त्याच्या लेखी दाशी हा मासा नव्हे. म्हणून वाक्य पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशि मो दामे देसु." मी हे जपानी लिपीत कार्डावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलं होतं.

काय चाललं ते सांगते. भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे त्यांची भजी, सोबतच्या सॉसऐवजी मीठ मागून, शिओ म्हणायचं, आणि पिठात अंडं असतं का ते विचारून. थंड तोफू, वरचा माशाचा कीस नको असं आधी सांगून. मंदिरांजवळ शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण, ते मूळचंच शाकाहारी, क्योतोत एक दुपार त्यासाठी राखा, महाग असतं पण आईने पहिल्यांदा न विचारता, न घाबरता ताट संपवलं. भारतीय-नेपाळी हॉटेलं लहान गावांतही सापडतात, मात्र रोज नान आणि पनीर खाऊन तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

खरा आधार कोनबिनीचा. शिजवलेल्या भाताचं पाकीट मिळतं, दुकानातच दोन मिनिटं मायक्रोवेव्ह करून घ्या, हॉटेलात येऊन त्यावर घरचं मेतकूट आणि तूप. किंवा साधं दही घ्या, साखर नसलेलं, आणि दहीभात. इथला भात चिकट, दहीभाताला एकदम छान लागतो. चहासाठी दूध घेताना कार्टनच्या वरच्या कडेला अर्धगोल खाच आहे का बघा, ती खाच फक्त शुद्ध दुधाच्या खोक्याला असते, अंध लोकांना हाताने ओळखता यावं म्हणून केलेली. खाच नसेल तर ते दुधासारखं दिसणारं दुसरंच काहीतरी असू शकतं. आणि हॉटेलात बसल्या बसल्या बर्फाचं पाणी येतं, गरम हवं तर "ओयु कुदासाइ", हे वाक्य बाबांनी सगळ्यात जास्त वापरलं.

पायरी ८: फिरायचं कुठे

दिवसाला एकच मोठी गोष्ट. दुपारी एक ते तीन बसायला जागा. हा नियम मी चुकून शिकले, क्योतोला पहिल्या दिवशी चार ठिकाणं ठेवली होती आणि फुशिमी इनारी देवळाच्या पायऱ्यांवर आई बसली ती उठेना. तिथे हजारो तोरी, म्हणजे लाल कमानी, आहेत, अख्खा डोंगर फिरायला दोन-तीन तास लागतात, पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच ते सुंदर दृश्य दिसून जातं. तिथूनच परत फिरा. चोवीस तास उघडं, तिकीट नाही, सकाळी सातला गेलात तर गर्दीही नाही.

पुणेकरांनो, ओकायामाचं कोराकुएन चुकवू नका. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून केलंय. बाबा तिथे रोज सकाळी चालायला जातात. मूळ बाग १७०० साली पुरी झाली, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक, आत चहाचा मळा आहे, भाताची खाचरं आहेत आणि एका बसायच्या मंडपातून चक्क ओढा वाहतो. बाबा गेटातून आत गेले, उभे राहिले, म्हणाले "हा तर आपला पूल." मग प्रत्येक वळणावर हे तिकडे आहे, हे तिकडे नाही. तीन तास लागले आम्हाला. ज्येष्ठांना तिकिटात सवलत आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो, त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात, आणि मार्चअखेर असाही नदीकाठ साकुराने भरतो.

कुराशिकी ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर, कालव्याकाठची जुनी पांढऱ्या भिंतींची गोदामं, अर्धा दिवस पुरतो. हिरोशिमाला पूर्ण दिवस द्या. शांती संग्रहालयाचं तिकीट फक्त २०० येन आहे, पण बाहेर आल्यावर तासभर कोणी बोलत नाही, त्याच दुपारी मियाजिमा आखू नका, आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. मियाजिमाला १०० येन यात्री कर वेगळा असतो.

क्योतो-नारात आपल्या ओळखीचं शोधा, आई-बाबांना तेच भिडतं. क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १,००१ मूर्ती आहेत आणि त्यांच्यापुढे २८ रक्षक देव. फलक वाचत जा, नारायण निघतो, गरुड निघतो, तोही बासरी वाजवणारा. आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे आई शांतपणे बघत बसली. नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या मोठ्या बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली विधीपूर्वक रंगवून उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूने, हे मी तिथे उभं राहून सांगितलं तेव्हा बाबांनी हात जोडले. बाहेर हरणं आहेत, बिस्किटं विकत मिळतात, हातातले नकाशे-कागद मात्र लपवा, खातात.

टोकियो करायचंच असेल तर नेहमीच्या यादीत दोन नावं घाला. सुगिनामीतलं रेन्कोजी मंदिर, जिथे नेताजींच्या अस्थी ठेवल्या आहेत असं मानतात, अंगणात त्यांचा पुतळा आहे. आणि एदोगावा वॉर्डातलं निशि-कासाई, भारतीय किराणा मिळतो, आणि इथल्याच वॉर्ड असेंब्लीवर २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

पायरी ९: काही झालं तर

प्रवास विमा काढाच. तुमचा इथला आरोग्य विमा तुमच्यापुरता, आई-बाबांना हॉस्पिटलचं पूर्ण बिल भरावं लागतं. अँब्युलन्स ११९, पोलीस ११०. दोघांच्या फोनमध्ये ईसिम टाका, सेफ्टी टिप्स हे आपत्तीची सूचना देणारं अ‍ॅप घाला, भूकंपाचा अलार्म वाजला तर काय करायचं ते आधी दाखवा. हॉटेलचं कार्ड जपानीत छापलेलं, दोघांच्या खिशात एकेक. चुकलात तर जिथे आहात तिथेच थांबा, मी येते, एवढं ठरवून ठेवा. आम्ही एकदा ओसाका स्टेशनात एकमेकांना वीस मिनिटं शोधत होतो, कारण मी त्यांच्याकडे निघाले आणि ते माझ्याकडे.

शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर इकोका कार्ड परत करून डिपॉझिट घेता येतं. घेऊ नका. शेवटच्या वापरापासून १० वर्षं ते चालतं. बाबांनी त्यांचं मला दिलं, सांभाळून ठेव म्हणाले. आईने तिचं दिलं नाही, तिच्या पर्समध्ये आहे, पीएमपीच्या पासाशेजारी.